तारांना घाबरणारा पेशंट: पहिल्या भेटीपासून ब्रेसेस निघेपर्यंत

दाढ ठणकतेय म्हणून आलेला माणूस कितीही घाबरलेला असला तरी खुर्चीत बसतो, कारण दुखणं त्याला घरी बसू देत नाही. तारा लावायला येणाऱ्याचं तसं नसतं. त्याचं काही दुखत नसतं. तो धडधाकट येतो आणि पहिला त्रास त्याला आपल्याच हातून होतो. शिवाय हे काम एका बैठकीत आटपत नाही. साधारण १८ ते २४ महिने, दर ४ ते ६ आठवड्यांनी एक खेप, म्हणजे १५ ते २५ वेळा त्याला त्याच दारातून आत यायचं असतं. एका खेपेला भीती बसली की पुढच्या दोन चुकतात, निखळलेला ब्रॅकेट (दातावर चिकटवलेलं, तार धरणारं बटण) महिनाभर तसाच लोंबत राहतो आणि दीड वर्षाचं काम अडीच वर्षांवर जातं.

खालच्या सूचना ऑर्थोडॉन्टिस्ट (वाकडे दात सरळ करणारे डॉक्टर), त्यांचे सहायक आणि रिसेप्शनवर बसणारी मंडळी यांच्यासाठी आहेत. पालकांनाही त्यातलं बरंच उपयोगी पडेल. प्रत्येक पायरीला दोनच गोष्टी सांभाळायच्या आहेत: पुढच्या मिनिटाला तोंडात काय जाणवेल ते पेशंटला नेमकं सांगायचं, आणि सांगितलं तसंच घडू द्यायचं.

भीती कशाची, ते आधी विचारा

"घाबरता का?" असं विचारलं की मोठी माणसं "छे छे" म्हणतात आणि मुलं मान खाली घालतात. त्यापेक्षा पाच प्रश्नांची सुधारित दंतभीती मोजपट्टी वापरावी. उद्या दातांच्या डॉक्टरकडे जायचंय, वेटिंगमध्ये बसलाय, दात कोरायचाय, दात साफ करून घ्यायचेत, हिरडीत इंजेक्शन द्यायचंय, या पाच प्रसंगी किती धास्ती वाटते त्याला १ ते ५ गुण द्यायचे. बेरीज ५ ते २५ मध्ये येते. १९ किंवा त्याहून जास्त आली तर माणूस खूपच घाबरलेला आहे असं धरावं आणि त्याच्या भेटींना जास्त वेळ राखून ठेवावा. फॉर्म भरायला दोन मिनिटं लागतात, तो वेटिंगमध्येच भरून घेता येतो.

मोजपट्टीत न येणारा एक प्रश्न तोंडी विचारा: "याआधी दातांच्या दवाखान्यात कधी त्रास झाला होता का? नेमकं काय झालं होतं?" उत्तरातून भीतीची जात कळते. कुणाला सुईची भीती असते, कुणाला माप घेताना येणाऱ्या उबळीची, कुणाला तोंड उघडं ठेवून गुदमरण्याची. तेराचौदा वर्षांच्या मुलीला वर्गात चिडवतील याची काळजी असते, तिशीच्या बाईला ऑफिसात लोक काय म्हणतील याची, आणि पुष्कळ पालकांना पैशांची. पैशांची काळजी पेशंटच्या दुखण्यात मिसळून बाहेर येते, म्हणून खर्च, हप्ते आणि तुटलेल्या ब्रॅकेटचे वेगळे पैसे लागतात की नाही, हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहून द्यावं.

पहिल्या भेटीत हत्यार नको

खूप घाबरलेल्या पेशंटच्या पहिल्या भेटीत आरसा सोडून काही वापरू नका. लहान मुलांना सकाळची वेळ द्या. शाळा, क्लास करून दमलेलं, भुकेलेलं मूल संध्याकाळी सातला कुणाचंच ऐकत नाही. वेटिंग दहा मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका, कारण भीती तिथेच वाढते. पक्कडी, प्रोब (दात तपासायची टोकदार सळई) आणि कात्रीचा ट्रे झाकून ठेवा. शासकीय दंत महाविद्यालयांच्या ओपीडीत एकाच दालनात रांगेने खुर्च्या असतात आणि शेजारचं मूल रडत असलं की आपला पेशंट आधीच हातातून जातो. अशा ठिकाणी घाबरणाऱ्याला टोकाची, भिंतीकडची खुर्ची द्यावी किंवा दिवसातला पहिला नंबर द्यावा.

पालकांशी वेगळं बोला. "गप्प बस, नाहीतर डॉक्टर इंजेक्शन देतील" हे वाक्य आपल्याकडे घरोघरी चालतं, आणि मग डॉक्टरने साधा आरसा उचलला तरी मुलाला सुई दिसते. घरी इतकंच सांगायला सांगा: "डॉक्टर दात मोजणार आहेत, मी तिथेच असेन." आई किंवा बाबांपैकी एकाने आत यावं, पायाशी स्टुलावर बसावं आणि बोलू नये. दोन्हीकडून सूचना आल्या की मूल गोंधळतं. आईच जास्त घाबरलेली असेल तर आजी, आजोबा किंवा मावशी चालेल.

सांगा, दाखवा, मग करा ही पद्धत १९५९ मध्ये अ‍ॅडलस्टन यांनी मुलांच्या दंतोपचारासाठी मांडली आणि आजही तिच्याइतकं कामाला येणारं दुसरं काही नाही. पुढच्या भेटींत पॉलिशचा रबरी कप आधी आपल्या नखावर फिरवा, मग मुलाच्या नखावर, मग एका दातावर. हवेचा फवारा तळहातावर मारून दाखवा. सक्शन (लाळ ओढणारी नळी) हातावर लावून ते कसं चिकटतं ते बघू द्या. मोठ्या माणसांनाही हे हवं असतं, फक्त त्यांना लहान मुलासारखं बोललेलं आवडत नाही. "ताई, आता याचा आवाज ऐकून घ्या, मग दातावर लावते" एवढं पुरतं.

शब्दांकडे लक्ष असू द्या. "अजिबात दुखणार नाही" हे या कामातलं सर्वांत महाग वाक्य आहे. दुसऱ्या दिवशी दुखतंच, आणि मग तुमच्या पुढच्या कुठल्याच वाक्यावर विश्वास उरत नाही. त्याऐवजी "दाब जाणवेल, टोचणार नाही", "आंबट लागेल, पाच सेकंदांत धुऊन टाकतो", "आज रात्री आणि उद्या चावताना दुखेल, चौथ्या दिवशी कमी होईल" असं सांगा. "आवळतो", "खेचतो", "ठोकतो" ही क्रियापदं टाळा. सहायकाशी बोलतानाही टाळा, कारण पेशंटचे कान उघडेच असतात.

हाताची खूण

डावा हात वर केला की थांबायचं, हा करार पहिल्या भेटीतच करा आणि तेव्हाच तपासून दाखवा. आरसा तोंडात असताना पेशंटला मुद्दाम हात वर करायला सांगा. हात वर झाला की आरसा बाहेर, तुमचे दोन्ही हात त्याच्या चेहऱ्यापासून दूर, आणि प्रश्न: "काय झालं?" मुलं पुढच्या काही मिनिटांत तीनचार वेळा हात वर करून खात्री करून घेतात. करू द्या. खात्री पटली की खूण फारशी वापरली जात नाही.

काही क्षण असे असतात की थांबता येत नाही. ब्रॅकेटवर चिकटा घट्ट करणारा लाइट चालू असतो, माप निम्मं घट्ट झालेलं असतं. ते आधी सांगायचं: "आता वीस सेकंद थांबता येणार नाही, मी मोजते." मोजताना आकडे खरे ठेवा. वीस म्हणून पस्तीसपर्यंत मोजलंत की तो करार तिथेच मोडला.

माप घेताना येणारी उबळ

ज्यांच्याकडे तोंडात फिरवून दातांचं माप घेणारा स्कॅनर आहे त्यांनी घाबरणाऱ्या पेशंटसाठी तोच वापरावा, मध्ये थांबता येतं हा त्याचा मोठा फायदा. पण बऱ्याच दवाखान्यांत अजून अल्जिनेटचंच (ट्रेमध्ये भरून दातांवर दाबायच्या पेस्टचं) माप घेतात, आणि पुष्कळांच्या मनात ऑर्थोची भीती बसते ती या दोन मिनिटांत.

पेशंटने दोन तास आधी हलकं खाल्लेलं असावं. भरपेट जेवून येऊ नये, पण उपाशीही नको. नाक चोंदलेलं असेल तर माप पुढे ढकला. तोंडात ट्रे असताना श्वास नाकानेच घ्यायचा असतो, आणि नाक बंद असलं की माणूस गुदमरल्यासारखा होतो. हे कारण इतकं साधं आहे की ते विचारायचंच राहून जातं.

खुर्ची सरळ करा, आडवी नको. रिकामा ट्रे आधी बसवून बघा. तो मऊ टाळूपर्यंत जात असेल तर एक नंबर लहान घ्या. वरच्या ट्रेच्या मागच्या कडेला मेणाची पट्टी लावली की पेस्ट घशाकडे सरकत नाही. पेशंटच्या हातात किडनी ट्रे द्या. उलटी बहुधा होणार नसते, पण भांडं हातात असलं की "झालीच तर काय" ही चिंता मिटते.

सुरुवात खालच्या जबड्याने करा, तिथे उबळ कमी येते. वरच्याला पेस्ट बेताची भरा, टाळूच्या मागच्या भागात जवळजवळ नाहीच. ट्रे बसवताना आधी मागची कड टेकवायची, मग पुढची, म्हणजे जास्तीची पेस्ट ओठाकडे येते. पुढून दाबत गेलं की ती घशाकडे ढकलली जाते आणि मग कुठलीच युक्ती चालत नाही. ट्रे बसला की लगेच पेशंटची मान पुढे झुकवा, हनुवटी छातीकडे. लाळ किडनी ट्रेमध्ये गळू द्या, "गिळू नका, गळू द्या" असं स्पष्ट सांगा. मग त्याला एक पाय वीतभर उचलून धरायला सांगा. पाय थरथरायला लागला की लक्ष तिकडे जातं. जिभेच्या टोकावर आधी चिमूटभर मीठ ठेवणं ही जुनी युक्ती आहे आणि बऱ्याच जणांना ती लागू पडते. घशात भूल येणारा फवारा मात्र विचार करून मारा. घसा बधिर झाला की गिळता येत नाही असं वाटून काही पेशंट अधिकच बिथरतात.

पाण्याच्या तापमानाकडे लक्ष द्या. पाणी कोमट असलं की अल्जिनेट लवकर घट्ट होतं, गार असलं की उशिरा. विदर्भात मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळाला इतकं गरम येतं की पेस्ट ट्रेमध्येच आळते, माप फसतं आणि पेशंटला पुन्हा त्याच दिव्यातून जावं लागतं. उलट फ्रिजचं पाणी घेतलं तर मिनिटभर जास्त धरून बसावं लागतं. उन्हाळ्यात माठातलं पाणी बरं. उबळ येणाऱ्यासाठी लवकर घट्ट होणारी पावडर घ्यावी आणि हात चपळ ठेवावा.

दोन प्रयत्न फसले तर तिसरा त्या दिवशी करू नका. प्लॅस्टिकचा वापरून फेकायचा ट्रे धुऊन त्याच्याबरोबर घरी द्या. आठवडाभर रोज दात घासून झाल्यावर तो तोंडात ठेवून नाकाने श्वास घ्यायचा, पहिल्या दिवशी दहा सेकंद, मग वाढवत दोन मिनिटं. परत येतो तेव्हा निम्मं काम झालेलं असतं.

एक्स-रेबद्दल थोडंच सांगायचं आहे. बाजूने काढायच्या सेफॅलोग्राममध्ये डोकं हलू नये म्हणून कानात दोन बोंडं बसवतात, आणि ओपीजीचं (सगळ्या दातांच्या एकत्र एक्स-रेचं) यंत्र डोक्याभोवती फिरतं. दोन्ही आधी न सांगता झालं की मुलं दचकतात आणि फोटो हलतो. किरण न सोडता यंत्र एकदा फिरवून दाखवावं.

सेपरेटर आणि दुखण्याचं वेळापत्रक

दाढांना बँड (धातूचे पट्टे) बसवायचे असतील तर आधी जागा करायला दोन दाढांच्या मध्ये रबरी कडी, म्हणजे सेपरेटर, घालतात. घालायला दोन मिनिटं लागतात आणि पेशंट म्हणतो, "एवढंच?" खरी गंमत रात्री सुरू होते. म्हणून जातानाच सांगा: दाढेत मटणाचा धागा अडकल्यासारखं वाटेल, काडीने काढायचा मोह होईल, काढू नका. दुखणं साधारण चार तासांनी सुरू होतं, दुसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतं, तिसऱ्या दिवसापासून उतरतं आणि पाच ते सात दिवसांत जातं. हेच वेळापत्रक पुढे पहिली तार बसवल्यावरही लागू पडतं. ते एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्या, कारण खुर्चीत सांगितलेलं निम्मं दारापर्यंतही टिकत नाही. चौथ्या दिवशीही दुखणं वाढतच असेल, एकच दात ठणकत असेल किंवा सूज, ताप असेल तर ते या वेळापत्रकात बसत नाही. अशा पेशंटने फोन करावा.

वेदनाशामक म्हणून पॅरासिटामॉल पहिली पसंती. मुलांना वजनाच्या प्रत्येक किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, म्हणजे ४० किलोच्या मुलाला ५०० मिलिग्रॅमची एक गोळी. दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर, २४ तासांत चारपेक्षा जास्त नाहीत. यकृताचा आजार आहे का आणि सर्दीतापाची दुसरी गोळी चालू आहे का ते विचारा, त्यातही बहुधा पॅरासिटामॉलच असतं. पहिली गोळी दुखायला लागण्याची वाट न बघता सेपरेटर घालण्याच्या तासभर आधी घेतली तर पहिली रात्र सोपी जाते. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या आठवडाभर चालू ठेवू नयेत. दात सरकायला जी रसायनं लागतात त्यांनाच त्या अडवतात. पावसाळ्यात आणखी एक कारण आहे: अंगात ताप असेल आणि डेंग्यूची शंका असेल तर आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन अजिबात नको. सोळा वर्षांखालच्यांना अ‍ॅस्पिरिन तसंही देत नाहीत.

ब्रॅकेट चिकटवण्याचा दिवस

दिवस निवडतानाच अर्धी काळजी घेता येते. पुढच्या चार दिवसांत परीक्षा, स्नेहसंमेलन, कबड्डीचे सामने किंवा घरचं लग्न नको. शनिवार चांगला. दिवाळीच्या तोंडावर तर नकोच. समोर फराळाचं ताट आणि चकलीला हात लावायचा नाही, ही शिक्षा कशाला?

वरखालचे ब्रॅकेट एकाच बैठकीत लावायचे तर तास ते दीड तास लागतो. घाबरणाऱ्यासाठी दोन बैठका करा, आज वरचा जबडा, पंधरा दिवसांनी खालचा. प्रत्येकी ३० ते ४० मिनिटं.

ओठांना आधी व्हॅसलीन लावा, विशेषतः हिवाळ्यात, नाहीतर ओठ फाकवणाऱ्या चौकटीने कोपरे चिरतात. ती चौकट म्हणजे रिट्रॅक्टर, आणि तो लावला की ओठ मिटत नाहीत. ओठ न मिटता गिळणं माणसाला जमत नाही असं वाटतं, आणि लाळ साठत गेली की बुडतोय असं वाटून पेशंट धडपडून उठतो. पुष्कळ वेळा ज्याला आपण भीती म्हणतो ती हीच असते. म्हणून काम सुरू करण्याआधी रिट्रॅक्टर लावून कोरडा सराव करा: "जीभ टाळूला लावा, दात हलके मिटवा, आता गिळा." तीनचार वेळा केलं की येतं. सक्शनची नळी त्याच्या खालच्या दातांच्या मागे नीट वाकवून बसवा, ती जिभेला ओढून धरत असेल तर जागा बदला.

मग पॉलिश. त्यानंतर ३७ टक्क्यांचं फॉस्फरिक आम्ल, निळ्या जेलच्या रूपात, दातावर १५ ते ३० सेकंद. त्याचं काही जाणवत नाही, पण धुताना आंबट लागतं, लिंबाच्या सालीसारखं कडवट आंबट. इथे "अ‍ॅसिड" हा शब्द मुलांसमोर उच्चारू नका, पण मोठ्या माणसाने विचारलं तर लपवूही नका. दातावर पांढरट, खडूसारखी चमकहीन छटा आली की ते काम झालं. आरशात दाखवत असाल तर हेही सांगा, नाहीतर "माझे दात पांढरे पडले" म्हणून नवी काळजी सुरू होते. धुतल्यापासून लाइट लागेपर्यंत थेंबभर लाळ लागली तरी ब्रॅकेट आठवड्यात सुटतो, म्हणून या मिनिटांत हात वर करायचा नाही, हे आधीच ठरवून घ्या. एका बाजूचे पाच दात पूर्ण करा, मग रिट्रॅक्टर काढून मिनिटभर जबडा मिटू द्या, पाणी द्या, मग दुसरी बाजू. एवढ्या विश्रांतीने बैठक पाच मिनिटांनी लांबते आणि पेशंट शेवटपर्यंत शांत राहतो.

गाणी ऐकायची असतील तर एकाच कानात इअरफोन, म्हणजे तुमचं बोलणं ऐकू येतं. श्वासासाठी चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. सुरुवातीला तुम्हीच त्याच्याबरोबर घ्या. हात पोटावर ठेवायला सांगा, छातीवर नको.

पहिली तार बारीक आणि लवचिक असते, साधारण ०.०१२ ते ०.०१६ इंच जाडीची निकेल-टायटॅनियमची. ती बसवून झाल्यावर मुलाला तार ब्रॅकेटला धरून ठेवणाऱ्या रबराचा रंग निवडू द्या. एवढ्या मोठ्या उपचारात जो निर्णय पूर्णपणे त्याचा असतो, तो हाच. पारदर्शक रबरं निवडणाऱ्याला मात्र सावध करा. आपल्या वरणाभाजीतल्या हळदीने ती दोन दिवसांत पिवळी होतात, आणि तारा दिसू नयेत म्हणून जे घेतलं तेच सर्वांत आधी नजरेत येतं. करडा किंवा गडद निळा रंग हळद लपवतो.

घरच्या पहिल्या चार रात्री

त्याच संध्याकाळी दवाखान्यातून एक फोन जाऊ द्या. दोन मिनिटांचा फोन: "गोळी घेतली का? जेवायला काय केलंय?" या फोनने दुखणं खरोखर सुसह्य होतं.

जेवायला मऊ भात आणि वरण, मुगाची खिचडी, तांदळाची पेज, दहीभात, उपमा, केळं. पोळी तिसऱ्या दिवसापासून, आमटीत बुडवून. मक्याचं कणीस दाणे काढून, पेरू आणि सफरचंद पातळ फोडी करून. चिक्की, ऊस, कडक चकली, फुटाणे आणि हाडं चघळणं उपचार संपेपर्यंत बंद. तारा उष्णतेला जास्त जोर लावतात आणि गारव्यात सैलावतात, म्हणून दुखत असताना गरम चहापेक्षा गार पाण्याचे घोट किंवा थंड ताक बरं वाटतं. यादी सांगताना जेवणातलं काय चालतं त्याने सुरुवात करा. नुसत्या मनाईने आजी धास्तावते आणि नातवाला चार दिवस दूधबिस्किटांवर ठेवते.

गालाला ब्रॅकेट लागत असेल तर मेण. यात चूक एकच होते: ओल्या ब्रॅकेटवर लावतात आणि ते पडतं. आधी टिश्यूने किंवा कापसाने ब्रॅकेट कोरडा करायचा, मटाराएवढं मेण बोटांत मळून मऊ करायचं, ब्रॅकेटवर दाबून बसवायचं. जेवताना काढायचं. पोटात गेलं तरी अपाय नाही. हे सगळं दवाखान्यात आरशासमोर पेशंटच्या हातून एकदा करून घ्या. फोडांसाठी पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, दिवसातून तीनचार वेळा चूळ. तारेचं टोक टोचत असेल तर पेन्सिलच्या रबराने आत दाबायचं, नाहीच दबलं तर मेण लावून दवाखान्यात यायचं.

"माझे दात हलायला लागलेत" असा फोन पहिल्या महिन्यात हमखास येतो. दात सरकायचे तर थोडे हलणारच, आणि नंतर ते घट्ट होतात. हे आधी सांगितलं तर माहिती असते, नंतर सांगितलं तर सारवासारव वाटते. ब्रॅकेट गिळला गेला तर तो बहुधा शौचावाटे निघून जातो. खोकला थांबत नसेल किंवा श्वास घेताना आवाज येत असेल तर मात्र सरळ हॉस्पिटल.

दात काढायचे असतील तर

दाटीवाटी जास्त असली की पुष्कळदा चार उपदाढा काढाव्या लागतात, आणि "चांगले दात का काढायचे?" या प्रश्नापाशी घरचे अडतात. मापावरून केलेल्या दातांच्या मॉडेलवर जागा मोजून दाखवा, घाई करू नका. चारही एका दिवशी काढू नका. एका दिवशी एकाच बाजूचे वरचा आणि खालचा, म्हणजे दुसऱ्या बाजूने जेवता येतं.

हिरडी कोरडी करून भुलीचं जेल दोन मिनिटं राहू द्या. ओल्या हिरडीवर लावलं की ते लाळेबरोबर जिभेवर जातं आणि सुई तशीच टोचते. इंजेक्शनचा त्रास सुईपेक्षा वेगाने दिलेल्या औषधाने होतो: एक मिलिलिटरला पूर्ण एक मिनिट घ्या. भुलीत अ‍ॅड्रेनलिन असेल तर काही वेळ छाती धडधडू शकते, हे आधी सांगा. घाबरणाऱ्या माणसाला ती धडधड आपल्या भीतीचा पुरावा वाटते. भूल आली की नाही हे प्रोबने दोन्ही बाजूंना दाबून त्यालाच ठरवू द्या. आणि दुखणं बंद होतं, दाब आणि कुरकुर आवाज बंद होत नाही, हे वाक्य सुईच्या आधी बोला.

उपाशी आलेली किशोरवयीन मुलं इथे चक्कर येऊन पडतात. जांभया, कपाळावर घाम, पांढरे पडलेले ओठ दिसले की सगळं बाजूला ठेवा, खुर्ची आडवी करा, पाय वर घ्या. पूर्ण शुद्धीवर आल्यावरच साखरपाणी.

मोठी माणसं, लग्नं आणि अतिसंवेदनशील मुलं

लग्न ठरलंय आणि आठ महिने आहेत, असं सांगत येणाऱ्या मुलीला खोटी तारीख देऊ नका. आठ महिन्यांत किती होईल, समारंभाच्या दिवशी तोंडात काय दिसेल, दातांच्या रंगाचे सिरॅमिक ब्रॅकेट किंवा अलाइनर (काढता-घालता येणारे पारदर्शक साचे) तिच्या दातांना चालतील का, ते सरळ सांगा. अलाइनर दिवसातले २२ तास घालावे लागतात, काढून पर्समध्ये ठेवले तर काम होत नाही. तार बदलायची भेट हळदीच्या निदान दोन आठवडे आधी ठेवा.

स्वमग्न किंवा स्पर्शाला, आवाजाला फार संवेदनशील असलेल्या मुलांसाठी प्रत्येक वेळी तीच खुर्ची, तोच सहायक, तोच क्रम ठेवा. दिव्याच्या उजेडासाठी गडद चष्मा द्या. पहिल्या तीनचार भेटी दहाच मिनिटांच्या: एकदा नुसतं बसणं, एकदा आरसा, एकदा हवेचा फवारा. खुर्चीचे, आरशाचे फोटो क्रमाने लावून आईला पाठवले तर घरी तयारी होते. इतकं करूनही जमत नसेल तर ब्रेसेस वर्षभर पुढे ढकलण्यात कमीपणा नाही. रोज नीट ब्रश होत नसेल तर तसंही थांबणंच योग्य.

तारा काढताना

इथे भीती नसेल असं आपण गृहीत धरतो, पण ब्रॅकेट निघताना होणारा "कट्" आवाज कवटीत घुमतो आणि दातच तुटला असं वाटतं. पहिला ब्रॅकेट दाढेजवळचा काढा, पुढचे खालचे चार दात सर्वांत नाजूक, ते शेवटी. पेशंटला कापसाचा रोल चावून धरायला सांगा, तुमचं बोट दातामागे आधाराला ठेवा. तार काढू नका, तिच्यावर सगळे ब्रॅकेट माळेसारखे एकत्र निघतात आणि घशात पडण्याची धास्ती राहत नाही. सिरॅमिक ब्रॅकेटचे तुकडे उडतात, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवाच. उरलेला चिकटा टंगस्टन कार्बाइडच्या बरने (घासायच्या छोट्या फिरत्या टोकाने) हळू वेगात घासताना पांढरी पूड उडते. ती दाताची नाही, चिकट्याची आहे, हे बर तोंडात जाण्यापूर्वी सांगा.

शेवटी जीभ फिरवून बघायला सांगा. दात बुळबुळीत आणि मोठे लागतात, ते दोनतीन दिवस तसंच वाटतं. रिटेनर (दात पुन्हा सरकू नयेत म्हणून घालायचं साधन) त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी द्या आणि तो घालायला, काढायला खुर्चीतच पाच वेळा करवून घ्या. टाळूला प्लेट असलेल्या रिटेनरने आठवडाभर "स" आणि "श" अडखळतात. रोज दहा मिनिटं वर्तमानपत्र मोठ्याने वाचलं की जीभ वळते.